भुशाने पुसलेले हात

स्टीलचं ताट जन्मापासूनच चकचकीत असतं असं माझ्या मुलीला बरीच वर्षं वाटायचं. तिला काय, दुकानातून ताटं घेणाऱ्या कुणालाही तसंच वाटतं. खरं तर बफवरून उतरलेलं ताट इतकं काळं आणि मेणचट असतं की त्यात कुणी भात वाढून घेणार नाही. बफ म्हणजे कापडाचं गरगर फिरणारं चाक. त्याला पॉलिशची वडी लावायची आणि ताट दाबून धरायचं. ताट घासलं जातं, पण वडीचा सगळा काळा राप त्याच्यावर बसतो. तो काढायचं काम आमचं. लाकडाचा भुसा ताटावर चोळायचा आणि मग कोरड्या फडक्याने पुसायचं. भाईंदरच्या एका कारखान्यात चौदा वर्षं मी हेच करतेय. आमच्या खात्याला पुसाई म्हणतात आणि त्यात सगळ्या बायकाच आहेत.

मी मूळची महाडकडची, लग्न होऊन भाईंदर पश्चिमेला आले. स्वभाव म्हणाल तर तोंडाने तिखट आणि आतून भित्री. सोसायटीत, भाजीवाल्याशी, नवऱ्याशी माझं तोंड छान चालतं. कामावर मात्र आपण बरं की आपलं काम बरं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे आणि तो काही मिरवण्यासारखा नाही.

माझ्या शेजारी उभी राहायची ती जवळच्याच मोरवा गावची बाय. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने काटक, नऊवारी आवळून नेसलेली. तिच्या सासऱ्यांची मिठागरं होती, थोडी भातशेती होती. आता त्यातलं काही उरलं नव्हतं. नवरा गेल्यावर ती कारखान्यात आली आणि बावीस वर्षं राहिली. दोन मुलं कमावती झाली तरी तिने काम सोडलं नाही. मुलगा म्हणायचा, आता बस कर. ती म्हणायची, "कमावतंय तवर घरान माजा सबद हाय. घरी बसलंय का मी तुमची आया झाली, पोरांची बी आया नि तुमची बी." जेवायच्या सुट्टीत माझ्या डब्याच्या झाकणावर ती न विचारता सुक्या बोंबलाचं कालवण वाढायची. मला ती फार आवडायची, आईच्या खालोखाल.

युनियनची गोष्ट सुरू झाली ती एका बाकड्यावरून. पुसाईत सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं राहावं लागतं, बसायला काही नाही. आमच्यातली एक पोरगी पाच महिन्यांची पोटुशी होती. तिचे पाय सुजून चपलेत मावेनात. बाय सुपरवायझरकडे गेली आणि म्हणाली, एक बाकडं द्या, जिला नड असेल ती टेकेल. सुपरवायझर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "बसायचं असेल तर घरी बसा ना, मावशी."  बाय परत आली आणि दिवसभर ताटं पुसत राहिली. पण मी तिचे हात बघत होते. त्या दिवशी तिने ताटं नेहमीच्या दुप्पट जोर लावून पुसली.

पंधरा दिवसांत तिने कुठूनतरी युनियनचे एक साहेब शोधून काढले. बारीक अंगाचे गृहस्थ, बोलायला मऊ, बगलेत सदा एक फाइल. सभासद व्हायचे फॉर्म बाय फडक्यांच्या गाठोड्यातून आणायची आणि एकेकीच्या हातात द्यायची. बफवाले बहुतेक उत्तर प्रदेशाकडचे, त्यांच्याशी ती मोडक्या हिंदीत बोलायची. ते तिला अम्मा म्हणायचे. बफवाल्यांना पंखा हवा होता. त्यांच्या खात्यातली धूळ बाहेर ओढणारा पंखा वर्षभर बंद होता आणि ते तोंडाला फडकं बांधून काळं थुंकायचे. बाकडं आणि पंखा. आमच्या क्रांतीच्या मागण्या एवढ्याच होत्या.

मी फॉर्म घेतला, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि भरला नाही.

मग एकदा सुपरवायझरने मला केबिनमध्ये बोलावलं. त्याच्या टेबलावर एक भरलेला फॉर्म होता, कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीतून पडलेला. तो म्हणाला, "तुझं नाव कायम करायच्या यादीत टाकलंय, माहितीये ना? मग मला सांग, हे कोण वाटतंय?" मी हातातल्या फडक्याची घडी करत राहिले.  तो म्हणाला, "मोरव्याची म्हातारी?" आणि मी मान हलवली. शब्द एकही बोलले नाही. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला हेच समजावत राहिले, की मी बोलले कुठे काही!

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या फळीवर बायचं कार्ड नव्हतं. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, असं तिला गेटवरच सांगण्यात आलं. बावीस वर्षं राबलेल्या बाईला वॉचमनकडून निरोप. ती वादावादी न करता परत फिरली, पण जाताना गेटच्या जाळीतून तिने मला वॉचमनच्या खोलीकडे हाताने खूण केली. जेवायच्या सुट्टीतला तिचा बोंबलाचा डबा तिने वॉचमनकडे माझ्यासाठी ठेवला होता. तो डबा मी त्या दिवशी उघडलाच नाही.

मला वाटलं, आता संपलं सगळं. पण बाय घरी राहिली तरी स्वस्थ बसली नाही. कामावरून सुटून कुणी भाजीला निघालं की ती बाजारात भेटायची, पिशवीत मेथीखाली फॉर्म. मी माझा फॉर्म तेव्हा भरला. तिच्या हातात दिला तेव्हा ती म्हणाली, "उशीर केलास, पन बरा केलास." मला तिच्या डोळ्यांत बघवेना.

फॉर्म पुरेसे जमल्यावर साहेबांनी शेठला पत्र दिलं. शेठ म्हणाले, असले कागद कुणीही आणेल, मतदान घ्या. निम्म्याहून जास्त कामगारांनी गुप्त मतदानात युनियन हवी म्हटलं, तर मी तुमच्याशी बोलतो. सरकारी कामगार कार्यालयाचा माणूस येऊन हे मतदान घेणार असं ठरलं. बायचा फैसला त्यावरच अडकला होता. युनियन झाली तर पहिली मागणी तिला परत घ्यायची. नाही झाली तर ती कायमची घरी. आमच्या यादीत त्र्याण्णव नावं होती आणि सत्तेचाळीस मतं हवी होती. बाय निलंबित होती, काढलेली नव्हती, म्हणून तिचं नाव यादीत राहिलं. साहेबांनी त्यासाठी बरीच हुज्जत घातली.

आमचा सुट्टीचा वार शुक्रवार. मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी बायने सगळ्यांना मोरव्याला आपल्या अंगणात बोलावलं, मतदानाची तालीम करायला. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात शिक्का मारला नव्हता. काहींची नावं गावच्या यादीत, काहींची कुठल्याच नाही. आमच्याच कारखान्यातला डाग असलेला एक मोठा डबा पेटी म्हणून ठेवला होता. साहेबांनी कागद आणले होते. वर बाकड्याचं चित्र म्हणजे युनियन हवी, खाली रिकामा चौकोन म्हणजे नको. बाकडं ही निशाणी बायनेच निवडली होती, हे सांगायला नको.

एकेक जण ओट्याआड जाऊन शिक्का मारून आला. बफवाले धुतलेले शर्ट घालून, केसांना तेल लावून आले होते, लग्नाला निघाल्यासारखे. मग साहेबांनी डबा खाटेवर ओतला आणि त्यांचा चेहराच उतरला. बायकांचे कागद स्वच्छ होते. बफवाल्यांच्या एकेका कागदावर काळा अंगठा उठला होता, रेषा मोजाव्यात इतका स्पष्ट. एक डावखुरा होता, त्याचा अंगठा उजव्या कोपऱ्यात. कोणाचं मत कुठलं, ते आम्ही बसल्या जागी सांगू शकलो असतो.

"मतपत्रिकेवर मत देणारा ओळखू येईल अशी कसलीही खूण असेल, तर ती बाद होते," साहेब म्हणाले. "हे सगळे बाद."

एक बफवाला हसला. "साहब, हमारा तो अंगूठा ही हमारा नाम है. ये नहीं निकलता. शादी में भी नहीं निकला था."

बेचाळीस बफवाले होते. ते गेले तर युनियनही गेली. रॉकेल झालं, चिंच झाली, राख झाली, कुणीतरी लिंबू आणलं. वरवरचं गेलं, पण कातडीच्या भेगांत बसलेला राप तसाच. घाम आला की तो पुन्हा वर यायचा. मतदान भर कामाच्या दिवशी होतं, बफवरून उठून थेट येणाऱ्या हातांची काय अवस्था असेल ते सगळ्यांना कळत होतं.

बाय इतका वेळ कोंबड्यांना हाकलत उभी होती. ती घरात गेली, खोबरेल तेलाची बाटली आणि घमेल्यात भुसा घेऊन आली, आणि त्या हसणाऱ्या बफवाल्यासमोर बसली. त्याचा हात तिने सरळ मांडीवर घेतला. आधी तेल चोळून राप सैल केला, मग भुसा दाबून दाबून फिरवला, नखांच्या कडांना, भेगांना, आणि शेवटी फडक्याने पुसलं. हात निघाला तो एखाद्या मास्तराचा वाटावा असा.

"बावीस वर्सां ताटां पुसतंय," ती आम्हाला म्हणाली. "ताट निंगतं तर हात न्हाय निंगनार?"

आम्ही बायका एकमेकींकडे बघून पदर तोंडाला लावू लागलो. परक्या पुरुषाचा हात हातात घ्यायचा! माझ्या नवऱ्याने माझा हात शेवटचा कधी धरला होता ते मला आठवत नाही. बहुतेक सप्तपदीला. बफवाले तर आमच्याहून लाजत होते, एकाने दोन्ही हात पाठीमागे नेले. बाय भडकली. "ताट कुनाच्या घरचा ते इचारतंस काय पुसायच्या आदी? बसा समद्या." मग बसलो. चार हात पुसून झाल्यावर लाज कुठे गेली कळलंही नाही. तेव्हाच लक्षात आलं, की चौदा वर्षं यांच्या हातचं काळं मी रोज पुसत होते आणि यांचे हात एकदाही पाहिले नव्हते.

मतदानाच्या दिवशी आमच्यातल्या सगळ्या जणी डब्याच्या पिशवीत तेलाची बाटली घेऊन आल्या. ठरलं होतं असं, की बफवाले आधी नळावर येतील, तिथे दोघी-तिघी थांबतील. पण सुपरवायझर काही दुधखुळा नव्हता, तालमीची बातमी त्याच्यापर्यंत गेली होतीच. सकाळीच त्याने सांगितलं, बफ बंद करायचे नाहीत, तिघे तिघे उठतील, मत देऊन परत मशीनवर. आणि आज नळाला पाणी नाही. मतदान स्टोअररूममध्ये होतं. सरकारकडून एक अधिकारी बाई आल्या होत्या, त्या आत बसल्या होत्या. बफ खात्यातून तिथे जायची वाट आमच्या टेबलावरून होती. सुपरवायझर टेबलाच्या टोकाला हाताची घडी घालून उभा राहिला.

पहिले तिघे आले. कोपरापर्यंत काळे. त्यांनी कोरड्या नळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. बाय असती तर प्रश्नच नव्हता. पण ती गेटबाहेर होती, आणि ती तिथे कुणामुळे होती ते या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं: मला आणि घडी घालून उभ्या असलेल्या त्या माणसाला. तो माझ्याचकडे बघत होता. माझी पाचावर धारण बसली होती, खोटं कशाला सांगू. कायम करायची यादी, मुलीचं कॉलेज, सगळं डोळ्यांसमोर आलं. तिघे टेबल ओलांडून दोन पावलं पुढे गेले.

"ओ भैया, इधर आओ," मी म्हणाले.  मी पहिल्याचा हात ओढला आणि टेबलावर ताटाच्या जागी ठेवला.

"काय चाललंय हे?" सुपरवायझर ओरडला.

"पुसतेय," मी म्हणाले. "पुसायलाच ठेवलंय ना मला?"

दुसऱ्याचा हात शेजारणीने घेतला, तिसऱ्याचा त्या पोटुश्या पोरीने. आरडाओरडा ऐकून अधिकारी बाई दारात आल्या. सुपरवायझर म्हणाला, मॅडम, कामाच्या वेळात या बघा काय करतायत. बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं, तेल, भुसा, काळी फडकी. मग म्हणाल्या, "मत द्यायला स्वच्छ हाताने आलेलं चांगलंच की." आणि आत निघून गेल्या. त्यांना सगळं कळलं की काहीच कळलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

असे आम्ही बेचाळीस माणसांचे हात पुसले.  एका म्हाताऱ्या बफवाल्याच्या दोन बोटांची टोकं नव्हती, ती मी जपून पुसली. त्याने "जीती रहो बेटी" म्हटलं आणि माझ्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं.

शेवटी शेवटी बायला मतापुरतं आत सोडलं, बरोबर वॉचमन. ठेवणीतली हिरवी नऊवारी, अंबाड्यात अबोलीची वेणी. टेबलाजवळून जाताना ती थांबली. शेवटच्या बफवाल्याचा हात अजून माझ्या हातात होता. तिने तो उजेडाकडे वळवून बघितला, जशी ती आमची ताटं तपासायची. "अंगठ्याची रेग रायली हाय बग," ती म्हणाली आणि मत द्यायला गेली.

मोजणी तिथेच झाली. हवी एक्कावन्न, नको छत्तीस, दोघे गैरहजर. चार बाद झाली, आणि ती बफवाल्यांची नव्हती! पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर मोजकीच माणसं होती, त्यांच्या हातांना मशीनचं तेल. त्यांच्या कागदांवर तेलाचे पारदर्शक डाग पडले होते. त्यांचा विचारच कुणाच्या डोक्यात आला नव्हता. बेचाळिसांचा राप काढला आणि चौघांचं तेल विसरलो, ही आमची अक्कल. पण एक्कावन्न म्हणजे एक्कावन्न. बफवाल्यांनी ताटं वाजवायला सुरुवात केली आणि गेटबाहेर उभ्या बायला आवाजावरून निकाल कळला.

दहा दिवसांनी ती कामावर आली. कार्ड फळीवर, फडकं खांद्यावर. आमच्या टेबलामागे एक बाकडं आलं होतं, लोखंडी, जरा डुगडुगणारं. ती त्यावर टेकली नाही. मला उभं रावाची सवय हाय, म्हणाली. मी ठरवलंच होतं, पहिल्या दिवशी सांगायचं. ताटं पुसता पुसता सांगितलं. केबिन, फॉर्म, मान हलवली ती. तिचा हात थांबला.  मग तिने समोरचा गठ्ठा संपवला आणि दुसरा ओढला. जेवायच्या सुट्टीत तिने डबा उघडला, सगळ्यांच्या झाकणांवर कालवण वाढलं. माझं झाकण रिकामं राहिलं. असं बरेच दिवस चाललं. मी कोरडी भाकरी खाल्ली आणि तक्रार केली नाही. कुठल्या तोंडाने करणार होते?

मग युनियनची समिती निवडायचा दिवस आला. कारखान्यातून पाच जण हवे होते, शेठसमोर बसून बोलणारे. सुट्टीतच सगळे पुसाईच्या टेबलाभोवती जमले, बफवाले तसेच मशीनवरून उठून आलेले. बायचं नाव पहिलं, त्यावर चर्चाच नव्हती. साहेबांनी विचारलं, पुसाईतून आणखी एक नाव सांगा. मी मागे, बाकड्याच्या आडोशाला उभी होते.

बायने मागे वळून न बघता माझं नाव घेतलं.

साहेब म्हणाले, "या शेठसमोर बोलतील? घाबरणार नाहीत?"

"हिचा एकदा घाबरून झालाय," बाय म्हणाली. "आता पुन्यांदा न्हाय घाबरायची."

बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र त्या डुगडुगत्या बाकड्यावर बसले. साहेब म्हणाले, कबूल असेल त्यांनी हात वर करा. या वेळी कागद नव्हता, शिक्का नव्हता, काही पुसायची गरज नव्हती. सगळ्यात आधी वर गेले ते बफवाल्यांचे हात, कोपरापर्यंत काळे.